जास्त मते, तरीही पराभव

२०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना सुमारे २८ लाख मते जास्त पडली, पण अध्यक्ष झाले डोनाल्ड ट्रम्प. कारण अमेरिकेचा अध्यक्ष निवडतात ते ५३८ निर्वाचक. प्रतिनिधिगृहाच्या ४३५ आणि सिनेटच्या १०० जागांइतके, शिवाय राजधानीचे ३. जिंकायला २७० हवेत. मेन आणि नेब्रास्का सोडले, तर राज्यात एका मताने पुढे असलेलाही तिथले सगळे निर्वाचक खिशात घालतो. २००० साली फ्लोरिडात जॉर्ज डब्ल्यू. बुश अवघ्या ५३७ मतांनी पुढे राहिले आणि २५ निर्वाचकांसह अध्यक्षपदही घेऊन गेले.

कुणालाच २७० मिळाले नाहीत, तर प्रतिनिधिगृह अध्यक्ष निवडते, तेही दर राज्याला एक मत या हिशेबाने. म्हणजे अवाढव्य कॅलिफोर्निया आणि तुरळक वस्तीचे वायोमिंग एकाच तोलाचे! १८२४ च्या निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सन मतांत पुढे होते. पण निर्वाचकांचे बहुमत कुणालाच मिळाले नाही, आणि प्रतिनिधिगृहाने निवडले जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांना.