वसंत शोरूममध्ये, ऊन कॉलेज रोडवर

नाशिकच्या स्टोअर्समध्ये ‘स्प्रिंग-समर कलेक्शन’ लागलंय. रंग भारी आहेत, कट भारी आहेत. पण कपड्याच्या आतल्या बाजूचा तो छोटा टॅग वाचलात का?

फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिककर पोरींचं गणित अवघड असतं. सकाळी सातच्या लेक्चरला जाताना स्वेटर लागतो आणि दुपारी दीडला परत येताना तोंडाला स्कार्फ. नेमक्या याच दिवसांत कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या मोठ्या स्टोअर्समध्ये काचेमागचे पुतळे कपडे बदलतात. हुडी आणि जॅकेट्स मागच्या रॅकवर जातात आणि दारातच नवा माल दिसतो. फिकट पिवळा, पिस्ता, लव्हेंडर. बारीक फुलांचे ड्रेस, को-ऑर्ड सेट, शॉर्ट कुर्ती, ढगळ शर्ट, वाइड लेग पँट. बघताक्षणी हात जातोच!

पण हा ‘स्प्रिंग’ नक्की कुठला?

कॅलेंडर त्यांचं, घाम आपला

फॅशनच्या दुनियेत मुख्य सीझन दोनच, स्प्रिंग-समर आणि ऑटम-विंटर. पॅरिस, मिलानच्या रॅम्पवर पुढच्या वर्षीच्या स्प्रिंगचे कपडे आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच दिसतात. हे वेळापत्रक तिकडच्या हवेवरून ठरलंय. तिथे स्प्रिंग म्हणजे थंडी नुकतीच सरलेली, ऊन हवंहवंसं. म्हणून फुलाफुलांचा ड्रेस आणि वर हलकं जॅकेट.

आपला वसंत चैत्र-वैशाखातला. पंचांगात वसंत, रस्त्यावर रखरखीत उन्हाळा. यंदा पाडवा १९ मार्चला आहे, म्हणजे कलेक्शन जुनं व्हायच्या आत पंखा पाचवर गेलेला असेल. एप्रिल-मेमध्ये तर नाशिकचा पाराही चाळिशी गाठतो. ‘थंड हवेचं नाशिक’ ही आता आजी-आजोबांच्या गप्पांतली गोष्ट झालीय.

यंदाचा रंग मात्र आपल्या उन्हाला चालणारा आहे. पॅन्टोन कंपनीने २०२६ चा रंग म्हणून ‘क्लाउड डान्सर’ निवडलाय, म्हणजे चक्क पांढरा! पांढरा कपडा ऊन परतवतो, त्यामुळे कमी तापतो. पण पातळ पांढऱ्या टॉपच्या आत स्लिप लागते, नाहीतर कपड्यालाच अस्तर असतं. आणि खरी गंमत तिथेच आहे. टॅग नीट वाचला तर बऱ्याचदा बाहेरचं कापड कॉटन आणि अस्तर पॉलिस्टर निघतं. अंगाला चिकटणार ते अस्तरच की!

टॅगची भाषा

कुठल्या कापडात किती गरम होईल, हे त्याच्या विणीवर, जाडीवर आणि धाग्यावर ठरतं. वीण आणि जाडी हाताला कळते. धागा मात्र टॅगवरच कळतो.

कापूस हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या साधारण ७ ते ८ टक्के धरून ठेवतो. व्हिस्कोस ११ ते १३ टक्के. पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून साध्या पॉलिस्टरच्या टॉपमध्ये घाम कापडात जिरत नाही, अंगावरच राहतो. सीबीएसवरून सिटी सेंटर मॉलपर्यंत दुपारी गाडीवर जाऊन बघा, वेगळं सांगावं लागणार नाही.

व्हिस्कोस म्हणजे आपण ज्याला सरसकट रेयॉन म्हणतो त्यातलाच प्रकार. तो लाकडाच्या लगद्यापासून बनतो. मऊ, सुळसुळीत, घाम टिपणारा, किंमतही बरी. तोटा एवढाच की ओला झाला की त्याची ताकद कमी होते आणि धुतल्यावर आखडू शकतो. मशीनमध्ये जीन्ससोबत टाकला की संपलं. ‘लिनन ब्लेंड’ दिसलं तर लिनन किती टक्के ते बघा. ‘कॉटन टच’, ‘कॉटन फील’ हे शब्द तर फक्त स्पर्शाबद्दल बोलतात. त्यात कापूस किती, हे ते सांगत नाहीत.

म्हणजे पॉलिस्टर वाईटच का? तसं नाही. ते लवकर वाळतं, इस्त्री लागत नाही, स्वस्त पडतं. होस्टेलवर एका दोरीवर चौघींचे कपडे वाळत घालणाऱ्या मुलींना हे पटेल. जिमचे टी-शर्ट घाम पसरून लवकर वाळावा अशा पद्धतीनेच विणलेले असतात. पावसाळ्यात तर पॉलिस्टर सोयीचंच. प्रश्न इतकाच आहे की मे महिन्याच्या दुपारसाठी आपण काय विकत घेतोय, ते आपल्याला माहीत असावं.

स्कूटीवरची ट्रायल

ट्रायल रूममध्ये आपण काय करतो? सरळ उभं राहतो, पोट आत घेतो, आरशात सेल्फी काढतो. पण तो कपडा आपण उभं राहून कमी आणि गाडीवर बसून जास्त घालणार असतो. म्हणून ट्रायल रूममधल्या स्टुलावर बसा. दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे करा. टॉप पाठीवरून वर सरकतोय का? काखेत आवळतोय का? वाइड लेगचा घेर चाकाजवळ जाईल इतका मोठा आहे का? आणि हो, खिसा आहे का? मोबाइल मावेल असा, शोपुरता शिवलेला नाही.

खरं सांगायचं तर नाशिकच्या उन्हाळ्याची सगळ्यात हिट फॅशन या चकाचक डिस्प्लेत नसतेच. ती मेन रोड, शालिमारच्या गर्दीत हँगरला लटकत असते. सनकोट! पांढरा नाहीतर फिकट रंगाचा, पूर्ण बाह्यांचा, पंजे झाकणारा. सोबत डोळे सोडून सगळं झाकणारा स्कार्फ. सिग्नलला उभ्या दहा जणींपैकी कितीतरी जणींच्या अंगावर तो असतो. आत कितीही स्टायलिश को-ऑर्ड असो, रस्त्यावर दिसतो तो सनकोटच. इतका खप असलेल्या कपड्याला चांगला कट, दोन खिसे आणि नीट कॉटन देऊन ‘समर कलेक्शन’मध्ये मानाची जागा द्यायला काय हरकत आहे?

आपल्याच जिल्ह्यातलं कापड

कापडाच्या बाबतीत आपला जिल्हा काही साधा नाही. मालेगाव यंत्रमागाचं मोठं केंद्र आहे. येवला पैठणीचं गाव आहे. तिथे हातमागावर रेशीम आणि जरीत मोर, मुनिया, आसावली विणली जाते आणि एका पैठणीला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. पाडवा जवळ आला की तेच मोर कुर्तीवर छापून येतात. घालायला छान, खिशाला परवडणारे. फक्त ‘पैठणी प्रिंट’ म्हणजे पैठणी नव्हे, एवढं लक्षात असू द्या. छापलेला मोर आणि विणलेला मोर यांत कारागिराच्या काही आठवड्यांचं अंतर असतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे कपडा उलटा करून बघा. छापलेली नक्षी मागून फिकी किंवा कोरी दिसते. हाताने विणलेली पैठणी मागूनही जवळपास तशीच दिसते.

पॉकेटमनी वाचवायचा असेल तर

* नवं कलेक्शन पूर्ण किमतीला असतं. सीझन संपतानाचे मोठे सेल साधारण जानेवारी आणि जून-जुलैमध्ये लागतात. जुलैत पाऊस असला तरी सेलमधलं कॉटन घेऊन ठेवा, ऑक्टोबर हीटमध्ये कामी येतं.
* ७९९ चा टॉप आठ वेळा घातला तर एका वेळेला शंभर रुपये पडतात. चाळीस वेळा घातला तर वीस. हा हिशोब बिलाच्या आधी करा.
* टॅगवर अस्तराची ओळ वेगळी शोधा.
* धुण्याच्या खुणा बघा. ‘ड्राय क्लीन ओन्ली’ असेल तर तो खर्च किमतीत धरा.
* कापड उजेडाकडे धरा. बोटं स्पष्ट दिसली तर स्लिपचे पैसे आणि स्लिपचा उकाडा दोन्ही मोजा.

स्टोअरमध्ये सेल्सगर्लला ‘यात दुसरा कलर आहे का?’ हे आपण हमखास विचारतो. यावेळी ‘यातच प्युअर कॉटनमध्ये आहे का? खिसेवाला आहे का?’ हेही विचारून बघा. तिच्या हातात ऑर्डर काढणं नसतं, त्यामुळे तिच्यावर चिडू नका. पण दुकानांना कुठला पीस किती खपला, ते बरोब्बर कळतं आणि पुढचा माल त्यावरच ठरतो. पुढच्या फेब्रुवारीत दारातला पुतळा काय घालणार, त्यात आपल्या बिलांचाही वाटा असतो.