दुकानाचं पेज कुणाच्या हातात?

नांदेडहून देगलूर-हैदराबादच्या रस्त्याला लागलं की कृष्णूर, घुंगराळा मागे पडतं आणि नायगाव येतं. तालुक्याचं गाव. कापड, सोनं, मोबाइल, खत-बियाणं, हार्डवेअर अशी रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं. पाटीवर मालकाच्या नंबराशेजारी आता इन्स्टाग्रामचं चिन्हही रंगवलेलं असतं. त्यामागे रोजचं काम आहे, आणि ते घरच्या माणसाने करायचं की नांदेडच्या एजन्सीला महिन्याच्या बोलीवर द्यायचं, यावर इथल्या गल्ल्यागल्ल्यावर खल चालतो. हे काम जवळून पाहायचं म्हणून लग्नसराईच्या तोंडावर मी एका कापडदुकानात जाऊन बसत होतो. या दुकानाने आधी एजन्सी लावली होती, आता सूनबाई पेज सांभाळतात. त्यामुळे दोन्ही बाजू एकाच छपराखाली ऐकायला मिळाल्या.

शटर उघडल्यावर पहिला तासभर गिऱ्हाईक तुरळक असतं. रस्त्याकडून येणारा उजेड गादीपर्यंत पोचतो, तेवढ्या वेळात सूनबाई उरकून घेतात. सुरतेहून आलेलं पार्सल फोडलं जातं. कामावरचा मुलगा साडीची घडी मोडून धरतो. फोन आधी काठावर, मग पदरावर, शेवटी ब्लाउजपीसवर थांबतो. कापडाचा पोत दिसावा म्हणून सूनबाई साडीवरून एकदा हात फिरवतात आणि भाव स्पष्ट सांगतात. भाव सांगण्यावरून सासऱ्यांशी त्यांचं रोज थोडं वाजतं.

"भाव सांगितला की शेजारच्या दुकानाला कळतो ना."

"मामा, शेजारच्याला माल आला तव्हाच कळतंय. मांजरमची बाई नुसता भाव विचाराया नायगावला येणार हाय का?"

माझ्या मते सूनबाईंचं बरोबर आहे. 'भावासाठी मेसेज करा' असं लिहिलं की निम्म्या बायका तिथेच थांबतात. परक्या नंबरावर मेसेज टाकणं त्यांना अवघड वाटतं. शिवाय तो फोन घरातल्या तिघांचा असतो.

व्हिडिओ आधी व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला जातो, मग इन्स्टाग्रामला. नायगावात हाच क्रम बरोबर. गिऱ्हाइकाचा नंबर वहीत लिहून घेतला जातो आणि त्याच्या फोनमध्ये दुकानाचा नंबर तिथेच सेव्ह करून दिला जातो. यामागे कारण आहे. ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलेला आहे त्यालाच तो निरोप पोचतो. गल्ल्यावरच्या माणसाने ही तसदी घेतली नाही, तर बाहेरची कोणतीही एजन्सी ती भरून काढू शकत नाही.

एजन्सीचं काम कसं चालायचं तेही सविस्तर कळलं. महिन्यातून एकदा पोरं कॅमेरा, गिंबल, दिवे घेऊन यायची. अर्ध्या दिवसात महिन्याच्या रील्स काढून जायची. सणांची पोस्टरं तिकडूनच तयार होऊन यायची. काम देखणं होतं. आजही जुन्या पोस्ट पाहिल्या की उजेड, चौकट, अक्षर सगळं नेटकं दिसतं. पण महिन्याच्या सुरुवातीला चित्रित केलेली साडी पंचविसाव्या दिवशी पेजवर यायची. तोवर ती विकली गेलेली असायची. गिऱ्हाईक फोन पुढे करून म्हणायचं, हीच पाहिजे. दुकानदाराकडे उत्तर नसायचं. शिवाय पोस्टरांवर पैठणी, पैठणी आणि पैठणी. या भागातल्या वयस्क बायका इरकल मागतात, नारायणपेठ मागतात. इथून कर्नाटक आणि तेलंगण दोन्ही जवळ आहेत, हे कपाटातल्या साड्यांवरूनही कळतं. लातूर जिल्ह्यात आणि नांदेडच्या त्याला लागून असलेल्या भागात वेळा अमावस्येला माणसं शेतात जेवायला जातात, त्यासाठी नवे कपडे घेतात. तो दिवस एजन्सीच्या सणांच्या यादीतच नव्हता. यात त्या पोरांचा दोष मी मानत नाही. त्यांना हे सांगायला दुकानातून कोणी बसलंच नव्हतं.

पेज बाहेर दिलं म्हणजे आपलं काम संपलं, ही समजूत मला सगळ्यात घातक वाटते. मुंबई पोलिसांचं ट्विटर खातं डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालं आणि लोकांना आवडलं. त्यामागे बाहेरची सल्लागार संस्था होती. पण तक्रारीवरची कारवाई पोलिसांनाच करायची होती, ती बाहेर देता येण्यासारखी नव्हती. दुकानाचंही तसंच. मजकूर, मांडणी बाहेरून होईल. 'दोन मीटर कमी पडतंय, अजून आहे का?' याचं उत्तर कपाट उघडूनच द्यावं लागतं.

खत-बियाण्यांच्या दुकानात तर हे आणखी ठळक होतं. मृगाच्या तोंडावर शेतकऱ्याला एकच कळायला हवं असतं: डीएपी आलं का? ही बातमी ट्रक उतरताना जन्मते आणि संध्याकाळपर्यंत शिळी होते. आणि ती सांगणारा आवाजही ओळखीचा लागतो. परभणी जिल्ह्यातल्या गुगळी धामणगावचे पंजाबराव डख पावसाचा अंदाज स्वतःच्या बोलीत मोबाइलवरून सांगत गेले आणि मराठवाडाभर शेतकरी ते ऐकू लागले. अंदाजांच्या अचूकतेबद्दल वाद आहेत, ते वेगळे. ओळखीच्या बोलीतला, ठरल्या वेळी येणारा आवाज माणसं ऐकतात, एवढं त्यातून निश्चित दिसतं.

एक काम मात्र बाहेरच्या जाणकाराला द्यावं असं मी म्हणेन, ते पैसे भरून करायच्या जाहिरातीचं. पोस्टखालचं बूस्टचं बटण दाबून हजार-दोन हजार सहज जातात. फॉलोअर येतात, पण कोल्हापूरचे, पनवेलचे. बस्ता बांधायला ते नायगावला येणार नाहीत. त्यात गावाच्या नावाचा घोळ. वसईजवळ नायगाव आहे, मुंबईत दादरजवळ आहे, सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव नायगाव सातारा जिल्ह्यात आहे. जाहिरातीचं ठिकाण निवडताना नुसतं नायगाव टाकून पुढे गेलं तर आपले पैसे वसईच्या लोकलमध्ये बसलेल्या माणसावर खर्च होऊ शकतात. जाणकार माणूस नकाशावर खूण रोवतो, त्याभोवती अंतर ठरवतो आणि नरसी, बिलोली, उमरी, मुखेड त्यात येतं का ते पाहतो. लग्नसराई आणि दिवाळी, या दोन हंगामांपुरतं हे काम बाहेर द्यावं. जाहिरातीचा खर्च मात्र दुकानाच्याच कार्डावरून करावा, म्हणजे किती गेले ते आपल्याला दिसतं.

बस्त्याच्या दिवशी मी जे पाहिलं ते सांगायलाच हवं. दोन्हीकडची मिळून पंधरा-वीस माणसं गादीवर, मधोमध नवरीमुलगी. रीलसाठी याहून चांगलं दृश्य नाही. सूनबाईंनी फोन काढला, आधी मुलीच्या आईजवळ जाऊन हळूच विचारलं. आईने मान हलवली: नको. फोन खाली गेला, नंतर फक्त साड्यांचं चित्रण झालं. बाहेरच्या पोराला त्या मान हलवण्याचा अर्थ कळला असता का, मला शंका आहे. दुकानावरचा पिढ्यांचा विश्वास अशा क्षणी टिकतो किंवा जातो. विचारल्याशिवाय गिऱ्हाइकाचा चेहरा पेजवर टाकू नये, हा नियम एजन्सीच्या करारात पहिल्या ओळीत असावा.

घरच्या कामाचीही किंमत आहे, ती कोणी मोजत नाही. रात्री स्वयंपाक उरकल्यावर सूनबाई मेसेजना उत्तरं देत बसतात. एजन्सीला एका कामगाराच्या पगाराएवढी रक्कम दरमहा जात होती, घरच्या बाईला त्यातलं काही मिळत नाही. हे मला अन्यायाचं वाटतं. घरात काम ठेवायचं तर त्याला वेळ आणि पगार दोन्ही द्यायला हवेत, नाहीतर सहा महिन्यांत पेज सुकतं.

आणि पेजच्या किल्ल्या. अनेक दुकानांचं पेज कामावरच्या मुलाच्या नंबरावर उघडलेलं असतं. मुलगा पुण्याला कंपनीत लागला की पेजही त्याच्याबरोबर जातं. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमनबाई धामणे यांचं 'आपली आजी' हे यूट्यूब चॅनल नातवाने उभं केलं. २०२० मध्ये ते हॅक झालं आणि परत मिळेपर्यंत घराला घोर लागला. त्याच वर्षी २९ जूनला टिकटॉकवर बंदी आली आणि तिथे जमवलेले लाखो फॉलोअर एका रात्रीत गेले. अ‍ॅप आज आहे, उद्या नसेल. गिऱ्हाइकांच्या नंबरांची वही मात्र दुकानाचीच राहते.

म्हणून माझा कौल असा: रोजचं बोलणं आणि उत्तरं दुकानातूनच व्हावीत, हंगामाची जाहिरात बाहेर द्यावी, आणि मालकी कोणाकडेच सोपवू नये. दुकानदार बंधूंनो, आज गल्ला मोजून झाला की एवढं तपासा: तुमचं पेज कुणाच्या मोबाइल नंबरावर आणि कुणाच्या ईमेलवर उघडलेलं आहे? तो तुमचा नसेल तर आधी तो बदलून घ्या, घरच्या आणखी एका माणसाला पूर्ण अधिकार द्या, दुहेरी पडताळणी सुरू करा. एजन्सीशी बोलणी त्यानंतर.