बर्लिन ऑलिम्पिकला ९० वर्षे : अमरावतीच्या कबड्डीचा तिथे काय संबंध? समजून घ्या

२६ जुलै २०२४ ची रात्र. भारतात ११ वाजले आणि पॅरिसमध्ये सीन नदीवर ऑलिम्पिकचा उद्घाटन सोहळा सुरू झाला. अमरावती-अकोल्यातही अनेकांनी तो मोबाइलवर पाहिला. भर पावसातल्या बोटी, पी. व्ही. सिंधू आणि शरथ कमल यांच्या हातातला तिरंगा आणि शेवटी ज्योत.

ग्रीसमधील ऑलिम्पियाहून धावत ज्योत आणण्याची ही प्रथा सुरू झाली ती १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकपासून. त्याच ऑलिम्पिकच्या काळात अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही बर्लिनमध्ये होते. येत्या १ ऑगस्टला बर्लिनच्या उद्घाटनाला ९० वर्षे होत आहेत. त्यानिमित्त त्या दिवशी काय दिसले, काय लपवले गेले आणि वऱ्हाडाचा त्याच्याशी काय संबंध, ते पाहू.

१ ऑगस्ट १९३६ रोजी प्रेक्षकांनी काय पाहिले?

शनिवार होता. सुमारे एक लाख प्रेक्षकांनी स्टेडियम भरले होते. वर आकाशात ‘हिंडेनबर्ग’ हे अजस्र हवाई जहाज फिरत होते. तीन हजारांहून अधिक धावपटूंनी हातोहात आणलेली ज्योत फ्रिट्झ शिल्गेन या धावपटूने आत आणली. बर्लिनमधील खास सभागृहांत ही स्पर्धा टीव्हीवर थेट दाखवली गेली. ऑलिम्पिकच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडत होते.

एक गमतीची आठवण अमेरिकी धावपटू लुई झँपेरिनी यांनी सांगितली आहे. मैदानात हजारो कबुतरे सोडली गेली आणि पाठोपाठ तोफ उडाली. घाबरलेल्या कबुतरांनी खाली उभ्या खेळाडूंच्या गवती टोप्यांवर ‘प्रसाद’ टाकला!

सलामाचा गोंधळ काय होता?

संचलनात अनेक पथकांनी हिटलरसमोर हात उंचावला. फ्रान्सच्या पथकानेही हात उंचावला आणि प्रेक्षकांनी जल्लोष केला. फ्रेंच खेळाडूंचे म्हणणे होते की तो ऑलिम्पिक सलाम होता. दोन्ही सलाम दिसायला इतके सारखे होते की पाहणाऱ्याने आपल्याला हवा तो अर्थ काढला.

ज्यांनी असा सलाम केला नाही, त्यांत भारतीय पथक होते. पुढे होते हॉकी कर्णधार ध्यानचंद. मात्र त्यांच्या हातातला ध्वज ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. हॉकीच्या अंतिम सामन्याआधी पंकज गुप्ता यांनी ड्रेसिंग रूममध्ये काँग्रेसचा तिरंगा काढला आणि खेळाडूंनी त्याला वंदन केले. भारताने जर्मनीला ८-१ ने हरवले. तारीख होती १५ ऑगस्ट!

प्रेक्षकांना काय दिसले नाही?

ऑलिम्पिकपूर्वी शहरातले ज्यूविरोधी फलक उतरवण्यात आले होते. जुलैमध्ये शेकडो रोमा लोकांना पकडून शहराच्या टोकाला मारझान येथील छावणीत नेले गेले. पाहुण्यांना दिसले ते सजवलेले शहर. उद्घाटन सोहळा म्हणजे यजमानाने स्वतः काढलेले स्वतःचे चित्र. ते कितीही देखणे असले तरी चौकटीबाहेर काय आहे, हे विचारावे लागते.

अमरावतीचे पथक तिथे कसे?

अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत हे मंडळ उभे केले. आखाड्यापासून सुरू झालेल्या या संस्थेचा भर देशी व्यायामावर होता. पारतंत्र्याच्या काळात शरीर कमावणे हे देशकार्यच मानले जाई. बर्लिनमध्ये मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. आपल्याकडे गावोगावी हुतूतू म्हणून खेळली जाणारी कबड्डी त्यांत होती.

मग कबड्डी ऑलिम्पिकमध्ये खेळली गेली का?

‘कबड्डी १९३६ च्या ऑलिम्पिकमध्ये होती’ असे मेसेज नेहमी फिरतात. ते अर्धेच खरे आहे. बर्लिनमध्ये अधिकृत प्रात्यक्षिक खेळ दोनच होते : बेसबॉल आणि ग्लायडिंग. कबड्डी ऑलिम्पिकच्या काळात दाखवली गेली, पण स्पर्धेच्या अधिकृत यादीत ती नव्हती. पदकांचा तर प्रश्नच नव्हता.

यामुळे अमरावतीकरांचे काम लहान ठरत नाही. उलट, ज्या देशाला स्वतःचा झेंडाही नेता येत नव्हता, त्या देशातल्या एका शहरातील संस्थेने आपला खेळ परक्या मुलखात नेऊन दाखवला. कबड्डी १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत प्रात्यक्षिक म्हणून आली आणि १९९० मध्ये बीजिंगला पदकाचा खेळ झाली. ऑलिम्पिकचे दार मात्र अजून उघडलेले नाही.

आता पुढे काय?

२०३६ चे ऑलिम्पिक भारतात व्हावे यासाठी भारतीय ऑलिम्पिक संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये इरादापत्र दिले आहे. सध्याच्या नियमानुसार यजमानाला आपल्या स्पर्धेपुरते काही खेळ सुचवता येतात. त्यामुळे यजमानपद मिळाले तर कबड्डीचा दावा मजबूत होईल.

तसे झाले तर बर्लिनला बरोबर १०० वर्षे झालेली असतील. त्या वेळी उद्घाटनाचे चित्र आपण काढणार असू. त्यात काय दाखवायचे आणि काय झाकायचे, हा प्रश्नही तेव्हा आपल्यालाच विचारला जाईल.