एकतर्फी आवाज

शनिवार, संध्याकाळचे साडेसात. शुक्रवार पेठेतलं ऑफिस रिकामं झालंय. जिन्याखालच्या कोनाड्यात रॅकपुढे स्टुलावर बसलोय. मांडीवर लॅपटॉप, मान तिरकी करून खांद्यात मोबाइल धरलेला. पलीकडे माझा जोडीदार, नाशिकला, सातपूरच्या कारखान्यात. दोन्हीकडे नवी आयपी ईपीएबीएक्स बसली आहे. आता इंटरनेटवरून दोघींची गाठ पडायला हवी. पुण्याची एक्स्टेन्शन दोनशेपासून, नाशिकची तीनशेपासून. ३०१ दाबलं की थेट तिकडचं स्टोअर. शून्य दाबून लाइन घेणं नको, ०२५३ नको.

ऑपरेटर काकू पर्स खांद्याला लावून थांबल्यात. "पहिला फोन मी लावणार," हे त्यांनी दुपारीच बजावून ठेवलंय.

"लावा, काकू."

त्या ३०१ दाबतात. सातपूरची घंटा मला मोबाइलमधून ऐकू येते. जोडीदार रिसीव्हर उचलतो. काकू खुशीत म्हणतात, "हॅलो! येतोय का आवाज?" थांबतात. मग जरा चढ्या सुरात, "हॅलो!" शेवटी रिसीव्हर कानापासून लांब धरून त्याच्याकडेच बघतात. "अरे, डेड आहे हा."

मोबाइलमध्ये जोडीदार वैतागलाय. "काकूंचा आवाज खणखणीत येतोय की! मी कधीचा बोलतोय."

वन-वे. आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं. घंटा वाजली म्हणजे निरोप पोचला, एवढंच. आवाजाची वाट वेगळी. कॉल जोडणारा सिपचा निरोप जातो ५०६० पोर्टवर. आवाज जातो दुसऱ्याच पोर्टवरून, २० मिलिसेकंदांचा एक असे सेकंदाला ५० तुकडे होऊन. ते तुकडे कुठे टाकायचे, तो पत्ता निरोपाच्या पोटात लिहिलेला असतो.

मघाचा कॉल लॅपटॉपवर पकडून ठेवलाय. उलगडून बघतो. पुण्याहून गेलेल्या निरोपातला पत्ता: १९२.१६८.१.२०. हा तर या कोनाड्यातला. परगावच्या माणसाला पत्ता विचारल्यावर आपण "माजघर" असं सांगावं, तसं झालंय.

दोन्हीकडचे राउटर खोक्यातून काढले तसेच लावलेत, त्यामुळे आतल्या पत्त्यांची मालिकाही एकच. एक शंका येते.

"तुझ्याकडे १.२० वर काय आहे रे?"

"थांब." की-बोर्डची टकटक. मग मोठ्ठं हसू. "प्रिंटर! डिस्पॅचचा प्रिंटर."

म्हणजे काकूंसाठी निघालेलं नाशिकचं "हॅलो" सातपूरच्या बाहेर पडतच नाहीये. सेकंदाला पन्नासदा डिस्पॅचच्या प्रिंटरच्या दारात जाऊन पडतंय, आणि प्रिंटर ढिम्म.

नाशिकच्या ईपीएबीएक्सला तिचा बाहेरचा पत्ता मी सकाळीच सांगितला होता. पुण्याचा तोच रकाना कोरा. चूक माझीच. स्टॅटिक आयपी भरतो, आतली मालिका कोणती तेही लिहितो, सेव्ह करतो. तेवढ्यात लॉगमध्ये भराभर ओळी सरकतात. कुठलासा परका पत्ता १००, १०१, १०२ अशी एकेका एक्स्टेन्शनची कडी वाजवून बघतोय. पोर्ट उघडून तीन तासही झाले नाहीत! सोपा पासवर्ड हाती लागला, तर ही मंडळी रात्रभर परदेशी फोन लावणार आणि बिल मालकाच्या नावावर फाडणार. फायरवॉलमध्ये ५०६० फक्त नाशिकच्या पत्त्यापुरतं उघडं ठेवतो. सोमवारी एकीकडची मालिका बदलून दोन ऑफिसांमध्ये व्हीपीएन टाकायचं. एकच मालिका असताना ते धड चालायचं नाही.

"काकू, परत एकदा."

३०१. घंटा. काकू रिसीव्हर कानाला घट्ट दाबून धरतात. त्यांच्या भुवया वर जातात.

"अय्या, हो रे, येतोय! जेवलास का? आणि पाऊस आहे का तिकडे?"

पर्स टेबलावर उतरते. खुर्ची ओढली जाते.

"काकू, तुमची आठची बस..."

त्या माझ्याकडे न बघताच हाताने खूण करतात: गप्प बस जरा.