ओहोटी नसलेले स्टेशन

उरणच्या माणसाला पंचांग लागते ते काही मुहूर्तासाठीच नव्हे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित आम्ही पाढ्यांबरोबरच शिकलो. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा. भरती सहाच्या सुमारास. अमावास्येला ती भर दुपारी, आणि ओहोटी नेमकी दिवेलागणीला! मोरा बंदरात गाळ फार. पाणी उतरले की लाँच धक्क्याला लागत नाही.

आता लक्ष्मीपूजन अमावास्येचे, हे ध्यानात घ्या. अण्णा मुंबईत एका पेढीवर हिशेबनीस होते. पेढीचे काम आटोपून ते भाऊच्या धक्क्यावर येत, तो लाँच बंद. मोऱ्यावरून पलीकडचे मुंबईचे दिवे दिसत, आणि त्या दिव्यांतच कुठेतरी अण्णा अडकलेले. आई चौरंग मांडून बसे, समईत पुन्हा तेल घाली. अण्णा येत ते कधी पाणी चढल्यावर, कधी पनवेलचा वळसा घालून एस.टी.ने. हातातला मिठाईचा पुडा चेपून गेलेला असे.

अशा गावाला रेल्वे द्यायचे नव्वदीच्या दशकात ठरले, तेव्हा मी शाळेत होतो. खारकोपरपर्यंत गाडी आली ती ११ नोव्हेंबर २०१८ रोजी, भाऊबीज होऊन दोन दिवसांनी. उरलेले सुमारे १४ किलोमीटर ओलांडायला तिला आणखी पाच वर्षे लागली. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणचे स्टेशन उघडले. शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूचे उद्घाटनही त्याच दिवशीचे. जगाचे डोळे पुलाकडे, आमचे गाडीकडे.

गाडी थेट मुंबईला जात नाही, नेरूळला किंवा बेलापूरला बदलावी लागते. सुरुवातीला तर तासातासाने एक. समोर दिसणारी मुंबई खाडीभोवती फिरून गाठायची, याची गंमत परक्याला कळायची नाही.

रूळ गेले ते मिठागरे, खाजण आणि भातखाचरे यांच्या मुलखातून. नवी मुंबईसाठी या जमिनी घेतल्या गेल्या, त्यांच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या मागे लोक उभे राहिले, आणि १६ व १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत गोळीबारात पाचजण गेले. डब्यात मोबाइलमध्ये डोके घातलेल्या पोरांपैकी कुणाचा आजा त्या गर्दीत असेलही. स्टेशनांच्या नावांवरूनही तक्रार झाली. नवघर आणि बोकडवीरा इथल्या लोकांचे म्हणणे एवढेच, की स्टेशनाला आमच्या गावाचे नाव द्या. भाषेचा मास्तर म्हणून मला ते पटते. जमीन गेली, पाटीवर तरी गाव राहू द्या की! ‘द्रोणागिरी’ भारदस्त खरे, पण ‘कुठली रे तू?’ या प्रश्नाला तिथली पोर ‘बोकडवीऱ्याची’ असेच उत्तर देते.

गेल्या लक्ष्मीपूजनाला मी नेरूळहून संध्याकाळची गाडी धरली. आईला जाऊन सहा वर्षे झाली. घरी सून पूजेची तयारी करते. ऐंशी ओलांडलेले अण्णा काठी टेकीत स्टेशनावर घ्यायला आले होते. गाडी वेळेवर लागली. अण्णांनी स्टेशनातल्या घड्याळाकडे पाहिले, मग अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवून काहीसा हिशेब केला आणि म्हणाले, “आत्ता मोऱ्याला पाणी पार तळाला असेल.”