आर्क्टोस आणि ऋक्ष

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका वाचनालयात बोलताना मी ठोकून दिलं होतं, की ‘आर्क्टिक’ हा शब्द मूळचा आपलाच; संस्कृत ‘ऋक्ष’ ग्रीकांनी उचलला. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर एका निवृत्त शिक्षिकेने हळूच विचारलं, “उचलला, याला पुरावा काय?” माझ्याकडे तो नव्हता. भाषाशास्त्राची पदवी तेव्हाही नव्हती, आजही नाही. पण त्या प्रश्नाने मला कोशांपुढे बसवलं.

ग्रीक ‘आर्क्टोस’ म्हणजे अस्वल. संस्कृत ‘ऋक्ष’ आणि लॅटिन ‘उर्सुस’ ही त्याचीच भावंडं. यांतलं कोण कोणाचं अपत्य, याचा निवाडा करायला हित्ती भाषा मदतीला येते. ही भाषा इंडो-युरोपीय कुळातली आहे, हे ह्रोझ्नी यांनी 1915 मध्ये मांडलं. तिच्यात ‘हर्तग्ग’ असा एका प्राण्याचा उल्लेख येतो. बहुतेक अभ्यासक तो अस्वलाचा मानतात. त्यातला ‘त’ पाहा. ग्रीकात जागा बदलून तो ‘क्ट’मध्ये टिकला, संस्कृतात ‘क्ष’ झाल्यावर वेगळा ‘त’ उरलाच नाही. शब्द संस्कृतातून घेतला असता, तर ग्रीकांनी हा ‘त’ आणला कुठून? सुतार या अर्थाच्या ‘तक्षन्’ आणि ‘टेक्टोन’ या जोडीतही हाच ‘क्ष’ आणि ‘क्ट’ समोरासमोर येतात. म्हणजे नातं माय-लेकीचं नसून बहिणी-बहिणींचं आहे.

उत्तरेकडच्या काही भाषांनी तर हे मूळ नावच टाकलं. बहुधा हिंस्र श्वापदाचं नाव उच्चारायची भीती. रशियन ‘मेद्वेद’चा अर्थ मध खाणारा, त्यात आपले ‘मधु’ आणि ‘अद्’ सहज ओळखू येतात.

‘आर्क्टिक’चा संबंध पांढऱ्या अस्वलांशी आहे, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. ‘आर्क्टिकोस’ म्हणजे आकाशातल्या अस्वलाकडचा, अर्थात उत्तरेचा. होमरच्या ‘इलियड’मध्ये अकिलीसच्या ढालीवर हे अस्वल कोरलेलं आहे, त्याला गाडा असंही म्हणतात आणि ते कधी समुद्रात बुडत नाही, असं तिथे सांगितलं आहे. त्या काळी ग्रीसमधून हे तारे खरोखरच मावळत नसत. आपल्याकडे महाराष्ट्रात ते मावळतात.

हे तारे म्हणजे आपले सप्तर्षी. पूर्वी त्यांना ‘ऋक्ष’ म्हणत, असं शतपथ ब्राह्मण सांगतं. रात्री उंचावर दिसणारे ऋक्ष दिवसा कुठे जातात, असा प्रश्न ऋग्वेदातही आहे. याच ‘उंचावर’ शब्दाचा आधार लोकमान्य टिळकांनी आर्यांचं मूळ स्थान ध्रुवप्रदेशात होतं, असं मांडणाऱ्या 1903 च्या ग्रंथात घेतला. त्यांचा सिद्धान्त आज अभ्यासकांना मान्य नाही. पण ग्रंथाच्या इंग्रजी नावातल्या ‘आर्क्टिक’मध्येही तेच अस्वल दडलेलं आहे, हे विसरता येत नाही.

आणि आपला ‘अस्वल’? ऋक्षाचं प्राकृत रूप ‘अच्छ’. त्याला अस्वलाच्याच अर्थाचा ‘भल्ल’ जोडून ‘अच्छभल्ल’ झाला आणि त्यातून मराठी अस्वल आलं. म्हणजे ‘आर्क्टोस’चं मूळ आपल्या रोजच्या शब्दातही आहे, आणि ते कोणी कोणाकडून उचललेलं नाही.

त्या शिक्षिकांना हे सांगायचं राहून गेलं. म्हणून इथे लिहिलं.