एका वर्षाची राणी



जत्रा म्हटली की मान आलेच. पालखीला पहिला खांदा कोणत्या घरचा, पहिला नारळ कोणाचा, शेवटची कुस्ती कोणत्या जोडीची, हे सगळे आधी ठरलेले असते. शेवटची कुस्ती मारणाऱ्या पैलवानाला फेटा बांधतात, खांद्यावर घेऊन नाचवतात. जनावरांच्या बाजारात उजव्या ठरलेल्या बैलाला गुलाल लावून वाजतगाजत मिरवतात. मग सहज मनात येते, की या मानाच्या यादीत गावच्या लेकीबाळी कुठे आहेत?

अलीकडे त्यांनाही थोडी जागा मिळाली आहे. गणपतीत, नवरात्रात, कुठे कुठे जत्रेतही ‘खेळ पैठणीचा’ होतो. उखाणे होतात, संगीत खुर्ची होते, आणि जिंकणारीला पैठणी मिळते. टाळ्या पडतात, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पैठणी पेटीत जाते आणि बाई कापूस वेचायला रानात जाते. मान एका रात्रीचा असतो. त्यात वाईट काही नाही. दोन घटका हसणे-खेळणे कोणाला नको?

पण समजा, हाच मान वर्षभराचा असला तर? गावातल्या एका मुलीला आपण राणी म्हटले आणि पुढची जत्रा येईतो तिने राणी म्हणून वागायचे ठरले, तर तिचे ते वर्ष कसे जाईल? आणि वर्ष संपल्यावर तिच्या हाती काय उरेल? आज याच गोष्टीचा विचार करू.

ही कल्पना हवेतली नाही. अमेरिकेत ती खेडोपाडी रुजलेली आहे. तिथे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा ‘काउंटी’ नावाचा विभाग असतो, आणि अनेक काउंट्यांत वर्षातून एकदा शेतकी जत्रा भरते. या जत्रांचा जनक म्हणून एल्काना वॉटसन यांचे नाव घेतात. त्यांनी १८०७ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पिट्सफील्ड गावच्या चौकात आपल्या दोन मेरिनो मेंढ्या आणून बांधल्या. ‘या, बघा, हिची लोकर बघा,’ एवढाच त्यातला हेतू. लोक जमले. त्यातून पुढे दर वर्षीचे जनावरांचे प्रदर्शन निघाले, बक्षिसे आली, मग पाळणे, खाऊची दुकाने, गाणीबजावणी. तुम्ही म्हणाल, ही तर आपलीच जत्रा, फक्त देव तेवढा नाही. तसे म्हणायला हरकत नाही.

या जत्रेत पुष्कळ ठिकाणी एक तरुण मुलगी राणी म्हणून निवडतात. डोक्यावर छोटा मुकुट, खांद्यावरून तिरका रेशमी पट्टा, पट्ट्यावर जत्रेचे नाव. ती नुसती दिसायला चांगली असून भागत नाही. उत्तम उदाहरण मिनेसोटा राज्याचे आहे. हे राज्य दुधाचे. तिथे आधी काउंटीकाउंटीतून ‘दूध-राजकन्या’ निवडल्या जातात. त्यांच्यातून निवडक मुली पुढे येतात आणि त्यांतली एक साऱ्या राज्याची होते. तिला ‘प्रिन्सेस के ऑफ द मिल्की वे’ म्हणतात. मिल्की वे म्हणजे आकाशगंगा. पण इंग्रजीत त्याचा शब्दशः अर्थ ‘दुधाळ वाट’ असा होतो, म्हणून हे नाव. १९५४ सालापासून ही प्रथा चालू आहे. मुलगी दुधाच्या धंद्याशी निगडित घरातली किंवा गोठ्यावर काम करणारी असावी लागते. परीक्षक तिला धंद्याविषयी प्रश्न विचारतात. ती लोकांशी कशी बोलते, तिला या कामाची किती आस्था आहे, हे पाहतात.

आता एक गंमत ऐका. राज्याच्या जत्रेत या मुलीला थंडगार काचेच्या खोलीत बसवतात. तिच्या समोर असतो सुमारे ९० पौंडांचा, म्हणजे चाळीस किलोंच्या आसपास वजनाचा, लोण्याचा ठोकळा. कारागीर तिला पाहत पाहत त्या लोण्यातून तिचा चेहरा कोरतो. खोली फिरती असते, बाहेर लोकांची दाटी. मुलगी मुकुट घालून, वर जाड कोट चढवून, कुडकुडत हसत असते, आणि हे तासन् तास चालते. शेवटी ते लोण्याचे डोके तिला घरी नेता येते. पुष्कळ जणी गावाला कणसांची किंवा न्याहारीची मेजवानी देऊन ते लोणी संपवतात. आपलाच चेहरा पावाला लावून गावाने खाल्ला, असे म्हणायला हरकत नाही!

गंमत बाजूला ठेवू. त्या लोण्यात एक बोध आहे. राणीपद हे बसून मिरवायचे पद नव्हे, ते काम आहे. वर्षभर ती शाळाशाळांतून जाते, दूध कसे निघते, गाय काय खाते, हे शहरातल्या मुलांना सांगते. इतर जत्रांतल्या राण्यांचेही असेच. जनावरांच्या प्रदर्शनात बक्षिसाच्या फिती बांधायच्या, लिलावाच्या वेळी उभे राहायचे, मिरवणुकीत गाडीवर बसून हात हलवायचा, शेजारच्या जत्रेला पाहुणी म्हणून जायचे. पाय दुखोत, डोके दुखो, चेहऱ्यावर हसू पाहिजे. कारण लोक तिच्याकडे पाहतात तेव्हा त्यांना ती मुलगी दिसत नाही, त्यांना जत्रा दिसते. वर्ष सरले की ती आपल्या हाताने दुसरीच्या डोक्यावर मुकुट ठेवते आणि पायउतार होते.

म्हणजे या पदाची दोन लक्षणे झाली. एक, राणीचा वेळ तिचा राहत नाही. दोन, पदाला मुदत असते. ही दोन्ही लक्षणे मोठ्या प्रमाणावर पाहायची तर आपल्या मुंबईचे एक उदाहरण घेऊ.

रीटा फारिया यांचा जन्म १९४३ साली मुंबईत, गोव्याच्या कुटुंबात झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्या डॉक्टरकी शिकत होत्या. १९६६ साली त्या आधी मुंबईच्या, मग भारताच्या सौंदर्यस्पर्धेत पहिल्या आल्या आणि त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला लंडनमध्ये ‘मिस वर्ल्ड’, म्हणजे जगत्सुंदरी झाल्या. तो मान मिळवणाऱ्या आशियातल्या त्या पहिल्या स्त्री. वय अवघे तेवीस.

झाले! दुसऱ्या दिवसापासून वर्षभर त्यांचे दिवस इतरांनी ठरवले. कोणत्या देशात जायचे, कोणाबरोबर उभे राहायचे, कोणत्या समारंभात हसायचे, हे करारात बांधलेले. त्याच डिसेंबरात बॉब होप या विनोदी नटाच्या ताफ्याबरोबर त्या व्हिएतनाममध्ये गेल्या, अमेरिकी सैनिकांची करमणूक करायला. तिथे युद्ध पेटलेले होते, आणि भारताचे धोरण त्या युद्धाला अनुकूल नव्हते. इकडे मोठा गदारोळ उठला. विचार करा, मुलगी वैद्यकाची विद्यार्थिनी, राजकारणाशी तिचा संबंध नाही; पण डोक्यावर मुकुट होता, म्हणून तिच्या एका प्रवासावर देशभर चर्चा झाली. मुकुटाचे वजन तोळ्यांत मोजतात, पण ते डोक्याला मणांचे लागते ते असे.

पुढची गोष्ट मात्र मला जास्त महत्त्वाची वाटते. वर्ष संपले. जाहिराती, सिनेमे, सगळी दारे उघडी होती. रीटा फारियांनी ती नाकारली आणि पुन्हा वैद्यकाची पुस्तके उघडली. शिक्षण पुरे करायला त्या लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात गेल्या. १९७१ साली डॉ. डेव्हिड पॉवेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला, १९७३ साली दोघे आयर्लंडमध्ये डब्लिनला गेले, आणि तिथे त्यांनी डॉक्टर म्हणून काम केले. मुकुट बारा महिन्यांत गेला, डॉक्टरकी जन्मभर पुरली. का? कारण मुकुट डोक्यावर येण्याआधीच त्यांच्या पायाखाली दुसरी वाट तयार होती.

आता तुम्ही म्हणाल, ‘मास्तर, ही लंडनची गोष्ट झाली, आमच्या जत्रेतलं सांगा.’ बरोबर आहे. आपल्या जत्रेची राणी निराळी होती. महाराष्ट्राने तिला ‘तमाशासम्राज्ञी’ म्हटले. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर.

विठाबाईंचा जन्म १९३५ साली पंढरपूरला झाला. घरातच तमाशा, वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड प्रसिद्ध होता. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे. पाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक येऊन आपल्या जत्रेसाठी तमाशाची सुपारी देतात. आज या गावी, उद्या त्या गावी, रात्रभर बोर्डावर आणि दिवसभर गाडीत, असे ते जगणे. विठाबाईंचे नाव ऐकून लोक कोसाकोसांवरून बैलगाड्या जुंपून येत. १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला.

त्यांच्याविषयीची एक हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा येऊ लागल्या. पडद्यामागे जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली, आणि पुन्हा लोकांसमोर उभ्या राहिल्या. लोकांच्या ध्यानात आले तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला सांगितले. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पण थोडे थांबून विचारले पाहिजे, की त्या माउलीला पडद्यामागे निजून राहता का आले नाही? सुपारी घेतलेली होती, तिकिटे विकलेली होती, फडातल्या माणसांची पोटे त्या रात्रीवर होती. राणीचा वेळ राणीचा नसतो, याचा याहून कठोर दाखला मला ठाऊक नाही.

१५ जानेवारी २००२ रोजी विठाबाई गेल्या. जिच्या नावावर जत्रा भरल्या, तिच्या शेवटच्या आजारातले दवाखान्याचे बिल देणगीदारांच्या मदतीने भागवावे लागले. पुढे २००६ सालापासून राज्य सरकारने त्यांच्या नावाने तमाशाक्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. चांगलेच झाले. पण आपली रीत बघा: हयातीत टाळ्या, आणि माघारी पुरस्कार.

या दोघींची तुलना मी थोरवीसाठी करत नाही. विठाबाईंची कला कोणत्याही मुकुटाहून मोठी होती. फरक आहे तो पायाखालच्या जमिनीचा. एकीला मुकुट उतरल्यावर कॉलेजात परत जाता आले. दुसरीला फडाखेरीज परत जायला जागा ठेवलेली नव्हती. तिची जात, तिची गरिबी, लहानपणापासून पायात बांधलेले चाळ, यांनी बाकीच्या वाटा आधीच बुजवल्या होत्या.

आता दिंद्रुडच्या आणि माजलगाव, धारूर, परळीकडच्या श्रोत्यांशी, विशेषतः गुरुजी आणि बाईंशी दोन शब्द. आपल्याही भागात शाळेच्या स्नेहसंमेलनात, महोत्सवात, एखाद्या मंडळाच्या कार्यक्रमात मुलींच्या स्पर्धा होतात. नाचाच्या, वेशभूषेच्या, कुठे सौंदर्याच्याही. नववीतली एखादी पोर पहिली येते. मुकुट घातलेला तिचा फोटो घरोघरच्या मोबाइलवर फिरतो. आणि मग काही घरांत एक वाक्य हळूच उच्चारले जाते: ‘पोरीचं नाव झालंय, आता चांगलं स्थळ येईल.’ आपला जिल्हा ऊसतोडीचा. दसरा झाला की कोयते घेऊन बिऱ्हाडे निघतात, वयात आलेल्या मुलीला मागे कुणाजवळ ठेवायचे ही आईबापांना खरीखुरी चिंता असते. ती चिंता मी हसण्यावारी नेत नाही. पण अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न करणे हा गुन्हा आहे, आणि मुकुटामुळे जर तिची शाळा सुटणार असेल, तर तो मुकुट नव्हे, ती वेसण आहे.

म्हणून मुलीला रंगमंचावर चढवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली: हा मान कशासाठी आहे? तिच्या बोलण्याला, ज्ञानाला, कलेला काही जागा आहे, की नुसते रंगरूप तोलायचे आहे? दुसरी: यात तिचा किती वेळ जाईल आणि तो कोण ठरवील? परीक्षा बुडणार असेल, रात्री परत यायला सोबत नसेल, नको असलेले कपडे घालायला लावणार असतील, तर सरळ नाही म्हणावे. तिला स्वतःला जायचे आहे का, हे तर सगळ्यांच्या आधी विचारावे. कोणत्या कागदावर सही मागितली तर तो गुरुजींनी वाचून दाखवावा, मगच आईबापांनी अंगठा किंवा सही करावी. तिसरी: दुसऱ्या दिवशी काय? बक्षिसाची रक्कम मंडप, जेवणावळ, फटाके यांत न घालवता मुलीच्या नावाने पोस्टात किंवा बँकेत जावी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा झाली की ती वर्गात आपल्या जागेवर असावी.

शाळांनी आणखी एक करून बघावे. मिनेसोटातल्यासारखे आपणही एखादे वर्ष राणीला काम देऊ. आमच्या गावची राणी कोण? जी वर्षभर शाळेच्या वाचनालयाची व्यवस्था पाहील, वाडीवस्तीवरच्या लहान मुलींना शाळेत घेऊन येईल, ग्रामसभेत उभी राहून मुलींच्या शौचालयाचा प्रश्न न अडखळता मांडील. जत्रेच्या दिवशी पैलवानाच्या शेजारी तिलाही फेटा बांधा, तिचीही मिरवणूक काढा. पुढच्या वर्षी तो फेटा तिने दुसरीच्या डोक्यावर बांधावा. फेटा जाईल, वर्षभरात आलेला धीटपणा जाणार नाही, तो कोणाला काढून घेता येत नाही.

राजाच्या राण्या इतिहासात गेल्या. जत्रेच्या राण्या अजून आहेत आणि राहतील, कारण माणसाला मिरवणे आवडते. त्यांना मुकुट जरूर द्या. पण मुकुट उतरवल्यावर परत जायला एक उघडे दार त्यांच्यासाठी राखून ठेवा. आणि ते दार शाळेचे असेल तर उत्तमच.